गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया : रुग्ण व आप्तजनांसाठी माहिती

“पिशवी काढून टाका, म्हणजे त्रास संपेल,” अशी विनंती घेऊन ब्रह्मपुरी परिसरातील अनेक भगिनी रुग्णालयात येतात. ही शस्त्रक्रिया कित्येकींना जीवदान देणारी आहे. तथापि ती प्रत्येक तक्रारीवरील उपाय नव्हे, हे आम्ही या लेखाद्वारे नम्रपणे मांडू इच्छितो.

वैनगंगेपलीकडील गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, मात्र पूर्वी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. दुखणे अंगावर काढण्याचा शेवट पुष्कळदा घाईच्या शस्त्रक्रियेत होतो. २०१९ साली शासकीय समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे अंगीकारण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले.

शस्त्रक्रिया केव्हा?

कर्करोग, मोठ्या व त्रासदायक गाठी, अंग बाहेर येणे, औषधांना दाद न देणारा अतिरक्तस्राव ही प्रमुख कारणे होत. अंगावरून पांढरे जाणे बहुधा औषधांनी बरे होते. अतिरक्तस्रावावर गोळ्या वा संप्रेरकयुक्त तांबी, तर अंग बाहेर येण्यावर आधार देणारी रिंग, हे पर्याय प्रथम विचारावेत. “पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल” या भीतीपोटी निर्णय घेऊ नये.

काय अपेक्षित असते?

सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, साखर, हृदयाचा आलेख व आवश्यकतेनुसार गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासला जातो. आपल्या भागात सिकलसेलची तपासणी विशेष महत्त्वाची असून तो आजार असल्यास भूलतज्ज्ञांस अवश्य सांगावे. शस्त्रक्रिया पोटावर छेद घेऊन, योनीमार्गे वा दुर्बिणीने होते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि मूत्राशय वा मूत्रवाहिनीस इजा हे धोके कमी प्रमाणात, पण असतात. बीजकोष निरोगी असतील व रजोनिवृत्ती झालेली नसेल, तर ते ठेवता येतील का, हे जरूर विचारावे. ते काढल्यास अंगाची लाही, हाडांची झीज असे त्रास लवकर सुरू होतात.

लघवीची नळी साधारणतः दुसऱ्या दिवशी निघते व रुग्णास चालविले जाते. घरी गेल्यावर सुमारे सहा आठवडे पाण्याचे हंडे, सरपणाची मोळी, धानाची रोवणी व शरीरसंबंध वर्ज्य समजावेत. यापुढे पाळी येत नाही, गर्भधारणा होत नाही. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, जास्त रक्तस्राव, लघवी अडणे वा सतत गळणे, पायावर सूज, धाप लागणे यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालयात यावे. काढलेल्या गर्भाशयाचा तपासणी अहवाल मागून जपून ठेवावा.

आप्तजन व देणगीदारांस विनंती

या सहा आठवड्यांत घरातील कामाचा भार कुटुंबीयांनी उचलावा. विश्रांती हा उपचाराचाच भाग आहे. देणगीदार व विश्वस्त मंडळींस सांगावेसे वाटते की, अहवालात शस्त्रक्रियांची संख्या छापली जाते. औषधाने टळलेल्या शस्त्रक्रियेस मात्र कोणताच रकाना नसतो. वेळेवर झालेली तपासणी व औषधोपचार यांसाठी दिलेली देणगीही तितकीच मोलाची आहे, हे कृपया ध्यानी असू द्यावे.