रस्ता कोणाचा?

मुलांनो, शाळा सुटली की तुम्ही रस्ता ओलांडता. तेथे गतिरोधक नसेल किंवा रस्त्यावरचा दिवा बंद असेल, तर अपघात होऊ शकतो. हे काम कोणी करायचे?

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी लागू झाली. तिच्यामुळे नगरपालिकांकडे सोपवायच्या १८ विषयांची यादी संविधानात आली. रस्ते, पूल आणि रस्त्यांवरील दिवे त्या यादीत आहेत.

नगरपालिकेच्या सभेत नगरसेवक प्रश्न मांडतात. ठराव मंजूर होतो, खर्चाची तरतूद होते आणि मग काम सुरू होते.

पण अडचण कोणी कळवलीच नाही, तर सभेला ती कशी समजेल? म्हणून वडीलधाऱ्यांच्या मदतीने अर्ज लिहा. धोक्याची जागा नेमकी सांगा. अर्जाची पोच जपून ठेवा. अपघाताची वाट पाहू नका.