एक जिना, चार चुली

चि. भाच्यास,


घरात रोज काही ना काही कुरबुर चालू असते, म्हणून ऐरोलीला भाड्याने फ्लॅट बघतोय, असं तू फोनवर म्हणालास आणि आत्याचं मत विचारलंस. अशा गोष्टी फोनवर धड बोलता येत नाहीत. तुझ्या बाजूला ठाणे-बेलापूर रस्त्याचे हॉर्न, इकडे नातवंडांचा टीव्ही. म्हणून हे पत्र. लांबलंय खरं, पण तुझ्याच घरचं आहे. बायकोलाही वाचायला दे.

आईचा स्वभाव, काकीचं टोचून बोलणं, धाकट्याचा आळस अशी यादी तू वाचून दाखवलीस. पण प्रत्येक भांडण सुरू कशावरून झालं, असं खोदून विचारल्यावर तुझ्याच तोंडून चार गोष्टी आल्या. टाकीत पाणी कोणी चढवलं नाही. जिन्याखाली स्कूटर कोणाची. तळमजल्यावरच्या खोल्यांचं भाडं कोणाकडे जातं. घरपट्टी कोणी भरायची. यात स्वभाव कुठे आला? हा सगळा व्यवहार आहे, आणि तो तुमच्या घरात कधी कोणी मोकळेपणाने बोललेलंच नाही. स्वभाव बदलायला जन्म जातो. व्यवहार एका बैठकीत ठरतो.

आपल्या तळवली गावात ही वेळ आली कशी, हे तुझ्या पिढीला नीट ठाऊक नाही. साठच्या दशकात एमआयडीसीने ठाणे-बेलापूर पट्टा घेतला. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई या नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीवरची मासेमारी आटत गेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि मग कुठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं ठरलं. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठीचा भाग कापून हातात उरतात पावणेनऊ टक्के. म्हणजे ज्याची एकरभर, ४० गुंठे जमीन गेली, त्याला साडेतीन गुंठे. ते साडेतीन गुंठे भाऊ किती, बहिणी किती, त्यांची मुलं किती, यांच्यात वाटायचे.

कुटुंबं वाढत राहिली, गावठाणाची हद्द तेवढीच राहिली. मग घरं वर गेली. आधी कौलं उतरवून स्लॅब, मग त्यावर एक मजला, मग आणखी एक. सरकारी कागदात त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. शेत असताना चार भावांना वावरायला बांध होता, खळं होतं, पडवी होती. एकाशी बिनसलं तर दुसऱ्या टोकाला जाऊन काम करता येई. आता चौघांमध्ये एकच जिना, एकच टाकी आणि मोटरचा एकच मीटर. शेताची जागा भाड्याच्या खोल्यांनी घेतली. शेतात कष्ट कोणाचे ते सगळ्या गावाला दिसायचे. खोलीच्या भाड्यात ते दिसत नाहीत, आणि संशयाला तेवढं पुरतं.

टाकीचंच घे. नवी मुंबईकडे स्वतःच्या मालकीचं मोरबे धरण आहे, म्हणून बाकीची शहरं आपला हेवा करतात. पण नळाला पाणी आलं तरी ते आपोआप गच्चीवर चढत नाही. कोणीतरी उठून मोटर चालू करायची, खालची टाकी रिकामी होऊन मोटर कोरडी फिरणार नाही याकडे लक्ष द्यायचं, वरची भरली की बंद करायची. तुमच्या घरात हे काम आजवर तुझ्या आईने केलं. गुडघे दुखायला लागल्यावर तिने सोडलं आणि ते कोणाच्याच वाट्याला आलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकीला पहाटे पाणी मिळालं नाही की ती जिन्यात उभी राहून बोलते. तिचं बोलणं सगळ्यांना आठवतं, कोरडी टाकी कोणाला आठवत नाही. भाच्या, पाणी भरल्यावर आपोआप बंद होणारा स्विच बाजारात मिळतो. तो बसव. आणि तोपर्यंत मोटर तू चालू कर.

घरपट्टीचं त्याहून वाईट. एक म्हणतो भाडं दादा घेतो तर दादाने भरावी, दादा म्हणतो वरचे मजले तुम्ही वापरता तर तुम्ही भरा. ही ओढाताण चालू असताना पालिका गप्प बसत नाही. मुदत टळली की थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, वर्षाला चोवीस. कुठली बँक ठेवीवर एवढं व्याज देते? दोन वर्षं ताणून धरलं तर मूळ रकमेच्या निम्म्याच्या जवळ नुसती शास्ती होते. ती शेवटी त्याच भाड्यातून जाते, म्हणजे सगळ्यांच्याच खिशातून.

यावर एक वही कर. डाव्या पानावर भाडं आणि डिपॉझिट, उजव्या पानावर घरपट्टी, पाणीपट्टी, मोटरचं बिल, गच्चीची गळती, रंगकाम, आजीची औषधं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांसमोर वाच. बाबांना हे आधी अपमानासारखं वाटेल. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं ते म्हणतीलच. त्यांना सांग की वहीचा सगळ्यात जास्त फायदा त्यांनाच आहे, कारण इतकी वर्षं त्यांनी पदरचे पैसे किती घातले हे घरात कोणालाच माहीत नाही.

आता तुझ्या बायकोबद्दल. ती महापेला नोकरीला जाते आणि आल्यावर तुझ्या आईशी तिचं वाजतं, असं तुझं म्हणणं. देशभराच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं आलं, ते करणारे पुरुष ८८. माणसं सांभाळण्याचं काम वेगळं मोजलं, त्यात बायका १३७ मिनिटं आणि पुरुष ७५. म्हणजे नुसत्या घरकामातच तीन तासांहून जास्त फरक. संध्याकाळी दोन थकलेल्या बायका एका ओट्यापाशी उभ्या राहतात आणि तू बाहेर मोबाइल बघत "यांचं जमत नाही" म्हणतोस. तू आत जाऊन भात लावलास, रविवारची मासळी साफ करून दिलीस, तर निम्मी भांडणं सुरूच होणार नाहीत. खाडीत जाळं टाकणाऱ्या आजोबांचा नातू तू, कोळंबी सोलायला लाज कसली?

सासू-सुनेच्या मध्ये पुरुषाने पडू नये, असं गावात सांगतात. याबाबतीत न्यायमूर्ती रानड्यांचं घर आठवतं. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा रमाबाई ११ वर्षांच्या, रानडे तिशी ओलांडलेले. त्यांनी बायकोला स्वतः शिकवलं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते खपलं नाही. टोमणे, अबोला, कामाचा जाच हे सगळं त्या शिकणाऱ्या मुलीच्या वाट्याला आलं. रानडे तिला उलट उत्तर न देता सोसायला सांगत. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात रमाबाईंनी हे नवऱ्याविषयीच्या अपार आदराने लिहिलं आहे. पुढे त्या पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या. रानड्यांच्या मोठेपणाबद्दल आत्याला शंका नाही. पण ते पुस्तक वाचताना सारखं वाटतं, की शिकवायचा निर्णय दोघांचा आणि त्याची किंमत घरात एकटीने का मोजावी? बाहेर एवढ्या सभा गाजवणाऱ्याने घरच्या बायकांना समोर बसवून एकदा सांगितलं असतं, "हे मी करवतोय, बोलायचं ते मला बोला," तर? तू रानडे नाहीस आणि तुझा काळही तो नाही. बायकोने नोकरी करावी हे तू ठरवताना बरोबर होतास, तर आईला ते तूच सांगायचं. आईलाही ऐकायचं असतं ते मुलाच्याच तोंडून.

धाकट्याचं लग्न या वर्षी आहे. हळदीच्या खर्चावरून आत्ताच कुजबुज सुरू झालीय म्हणे. आपल्या आगरी समाजात हळदीतला दारू-मटणाचा आणि डीजेचा खर्च आवरायचे ठराव कितीतरी गावांनी केले. तरी मांडव पडला की ठराव विसरले जातात, कारण 'लोक काय म्हणतील' हे मनात असतं. कर्ज काढून हळद केलीत तर हप्ते कोणत्या खोलीच्या भाड्यातून जाणार, हे मांडव घालण्याआधी वहीत लिही. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायला धवलारीण बोलवा, देवाला पान-फूल ठेवा, त्याला फार पैसे पडत नाहीत.

सगळ्यात नाजूक गोष्ट शेवटी सांगायची, म्हणून आतापर्यंत राखून ठेवली. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठी वारसांचे कागद करताना आत्यांच्या सह्या लागतील, असं बाबा म्हणत होते. तुझ्या या आत्याची सही लागणार आणि तुझ्या बहिणीचीही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क दिला, तोवर लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राने २००५ मध्ये कायदा बदलला तेव्हा ती अट राहिली नाही. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कायदा बदलला त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्मानेच आहे.

गावात याची रीत काय, ती तुला माहीत आहे. भाऊबीजेला बहीण येते, ओवाळते, साडी मिळते आणि ताटाशेजारी हक्कसोडीचा कागद असतो. वाचायला वेळ नाही, चष्मा नाही, आणि "माहेर तुटेल" ही भीती आहेच. किती बायकांनी अशा सह्या केल्या असतील! काहींनी खरंच आनंदाने केल्या. पण न विचारता घेतलेली सही आणि विचारल्यावर दिलेली सही यांत फरक असतो. दुसरीत माहेर राहतं. भावाच्या नावे वडिलोपार्जित हिस्सा सोडायला मुद्रांक शुल्क फक्त ५०० रुपये लागतं, दस्त मात्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. इतक्या स्वस्तात होणारी गोष्ट घाईने का करायची? तुझ्या बहिणीला आधी फोन कर. प्लॉट केवढा, बिल्डर काय देतो, तिचा हिस्सा किती होतो, हे तिला आकड्यांत सांग. घ्यायचा की सोडायचा ते ती ठरवेल. आत्यालाही हेच हवं आहे. आत्या काय ठरवेल, ते विचारल्याशिवाय धरून चालू नकोस.

आणि आई-बाबा घर तुम्हा दोघा भावांच्या नावे बक्षीसपत्राने करणार असतील, तर त्यात त्यांना सांभाळण्याची अट स्पष्ट लिहून घ्यायला तूच सांग. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार, अशी अट घालून दिलेली मालमत्ता अट न पाळल्यास परत घेता येते. निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडेही जाता येतं. तुमच्या घरात ती पाळी येणार नाही. पण अट घालायची मागणी मुलाने केली, की आईबापाला शांत झोप लागते.

आता तुझ्या ऐरोलीच्या फ्लॅटचं. वेगळं राहण्यात पाप नाही. चूल वेगळी केली म्हणजे घर फुटलं, असं आत्याला वाटत नाही. तुमच्याकडे चार मजल्यांवर चार चुली आहेतच, आणि गणपतीला सगळे एका पंगतीत जेवता. पण हिशेब न करता निघून गेलास, तर भाड्याचा, पाण्याचा, प्लॉटचा घोळ तुझ्या मागे येईल आणि वर फ्लॅटचं भाडंही भरत बसशील. आधी ठरव, मग निघ. ठरवून झाल्यावरही जावंसं वाटलं, तर खुशाल जा. पहिलं सामान आत्या स्वतः आणून देईल.

तेव्हा येत्या रविवारी सगळ्यांना एका खोलीत बसव. बाबा, काका, धाकटा, आई, काकी आणि तुझी बायको. बायकांना चहा करायला आत पाठवू नकोस, चहा तू कर. बहिणीला व्हिडिओ कॉलवर घे. आणि त्याआधी घरपट्टीची थकबाकी किती झाली ते काढून ठेव. ती या महिन्यातच भरा, कोणाच्या वाट्याला किती याचा वाद नंतर घाला.

तुझी,
आत्या