सुगीचा भाव आणि थांबण्याची किंमत

दसरा-दिवाळीच्या सुमारास मध्य प्रदेशातील माळव्यात, मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनची मळणी उरकते. नेमक्या त्याच आठवड्यांत बाजार समित्यांच्या आवारात मालाची रीघ लागते आणि भाव खाली बसतात. आवक ओसरल्यावर, साधारणतः उन्हाळ्याच्या तोंडावर, ते पुन्हा चढतील अशी निदान अपेक्षा असते. आज मिळणारा भाव पदरात पाडून घ्यावा की चांगल्या भावासाठी थांबावे, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक सुगीत नव्याने उभा राहतो. वरकरणी तो एका कुटुंबाचा खाजगी प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात कृषिपत, गोदाम व्यवस्था, आयात-निर्यात धोरण आणि किमान आधारभूत किंमत हे अभ्यासक्रमात स्वतंत्रपणे वाचले जाणारे घटक या एका निर्णयात एकत्र येतात.

थांबण्याचा हिशेब

थांबणे फुकट नसते. ज्या रकमेचा आज उपयोग होऊ शकला असता तो उपयोग गमावणे, यालाच अर्थशास्त्रात संधी-खर्च म्हणतात. एका काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. सोयाबीनचा आजचा भाव क्विंटलला 4,600 रुपये आहे, सहा महिने साठवणुकीचे भाडे 60 रुपये आहे आणि या काळात वजनात 2 टक्के घट येते, असे गृहीत धरावे.

पहिल्या शेतकऱ्यावर सावकाराचे दरमहा शेकडा 2 रुपये दराचे कर्ज आहे. माल न विकल्यास 4,600 रुपयांवर सहा महिन्यांचे 552 रुपये व्याज त्याला सोसावे लागते. भाडे आणि घट धरता त्याला सहा महिन्यांनी किमान 5,320 रुपयांच्या आसपास भाव मिळाला, तरच थांबणे परवडते. दुसरा शेतकरी कर्जमुक्त आहे. विक्रीची रक्कम त्याने बँकेत वार्षिक 3 टक्के दराने ठेवली असती. त्याच्यासाठी हीच मर्यादा सुमारे 4,830 रुपये आहे. उन्हाळ्यात भाव 5,100 रुपये होईल, असा दोघांचाही अचूक अंदाज असला तरी पहिल्याने आज विकणे आणि दुसऱ्याने थांबणे हेच दोघांच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. सुगीत घाईने माल विकणाऱ्याला बाजार कळत नाही, हा शहरी समज या आकडेमोडीपुढे टिकत नाही. बाजार दोघांनाही सारखाच कळलेला असतो. फरक असतो तो व्याजाच्या दरात.

तारण आणि गोदाम पावती

पैशाची गरज आणि विक्रीची वेळ यांची ताटातूट करणे, हा या कोंडीवरचा संस्थात्मक उपाय होय. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ 1990-91 पासून शेतमाल तारण कर्ज योजना राबवत आहे. तीत सोयाबीनसारख्या मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजाने 180 दिवसांसाठी मिळते. वरील उदाहरणातील पहिल्या शेतकऱ्याने 3,450 रुपये तारण कर्ज घेऊन सावकाराचे तेवढे देणे फेडले, तर त्याची मर्यादा 5,320 वरून सुमारे 5,000 रुपयांवर येते. 5,100 रुपयांच्या भावासाठी तोही आता थांबू शकतो.

देशपातळीवर हेच कार्य गोदाम (विकास आणि नियमन) अधिनियम, 2007 याने हाती घेतले. हा कायदा ऑक्टोबर 2010 मध्ये अमलात आला आणि त्याच महिन्यात गोदाम विकास व नियामक प्राधिकरण स्थापन झाले. नोंदणीकृत गोदामाची परक्राम्य पावती हे या व्यवस्थेचे मर्म आहे: पावती बँकेकडे तारण ठेवता येते आणि माल न हलवता ती हस्तांतरितही करता येते. 2017 पासून ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आली. किसान क्रेडिट कार्ड असलेल्या लहान व सीमांत शेतकऱ्यांना अशा पावतीवरील कर्जासाठी काढणीनंतर सहा महिन्यांपर्यंत व्याज सवलतीची तरतूद आहे.

येथे विद्यार्थ्यांनी एक भेद काटेकोरपणे ध्यानात ठेवावा. तारण कर्ज थांबण्याचा खर्च कमी करते; भाव पडण्याची जोखीम मात्र ते कमी करत नाही. ती शेतकऱ्याच्याच माथी राहते.

अंदाज चुकतो तेव्हा

कापसाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. 2021-22 च्या हंगामात भाव चढत गेले आणि 2022 च्या उन्हाळ्यात अनेक बाजारांत त्यांनी क्विंटलला 10,000 रुपयांचा टप्पा ओलांडला. आधी विकणाऱ्यांना हळहळ वाटली. पुढच्या हंगामात हजारो कुटुंबांनी तोच भाव मनाशी धरून कापूस घरात भरून ठेवला. राहत्या खोल्या अडल्या, अंगाला खाज सुटण्याच्या तक्रारी आल्या, वजन घटले. आणि 2023 च्या उन्हाळ्यात भाव सात-साडेसात हजारांच्या आसपास आले. गतवर्षीचा उच्चांक हा यंदाच्या भावाचा अंदाज नव्हे, एवढेच त्या वर्षाने दाखवले. पण फार महागात.

धोरणाची अनिश्चितता हा आणखी एक पदर. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागले, त्या डिसेंबरात बंदी आली आणि ती मे 2024 मध्ये उठली. चाळीत कांदा राखणाऱ्याला असे निर्णय आधी कळण्याचा मार्ग नसतो. एरवी भावाचा पुढील अंदाज देणारा वायदे बाजारही डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांसाठी स्थगित झाला आणि त्या स्थगितीला पुढे वेळोवेळी मुदतवाढ मिळाली. आधारभूत किंमत हा तळ मानला जातो, परंतु खरेदी केंद्र गाठता आले तरच तो तळ ठरतो. 2024 च्या हंगामात सोयाबीनची आधारभूत किंमत 4,892 रुपये असताना अनेक बाजारांतील भाव तिच्याही खाली होते.

विकलेला माल परत येत नाही, राखलेला माल उद्याही विकता येतो. थांबण्याच्या बाजूचा हा युक्तिवाद बिनतोड आहे, पण तो कोरड्या, टिकाऊ धान्याला जितका लागू पडतो तितका कांद्याला नाही. अनुभवी शेतकरी म्हणूनच बहुधा सगळा माल एका दिवशी विकतही नाहीत आणि सगळा राखतही नाहीत: देणी भागतील एवढा सुगीत जातो, उरलेला दोन-तीन खेपांत. सर्वोत्तम भाव अशाने क्वचितच मिळतो. सर्वांत वाईट भावात सगळे पीक मात्र जात नाही.

दोन एकरांतून आठ-दहा क्विंटल काढणाऱ्याला हा मार्गही सहजी खुला नसतो. नोंदणीकृत गोदाम तालुक्याच्या गावी, वाहतूक भाडे त्याच्या मालाला न परवडणारे; शिवाय प्रतवारीची अट. त्याचा माल खळ्यावरूनच गावच्या व्यापाऱ्याकडे जातो. 2020 मध्ये जाहीर झालेल्या 10,000 शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेकडे पाहताना तपासण्याजोगी गोष्ट हीच आहे, की संस्था अशा दहा-वीस जणांचा माल एका पावतीखाली आणते का, आणि त्या पावतीवरचे कर्ज सावकाराच्या हप्त्याआधी सभासदाच्या हाती पडते का.