तबल्याची शाई

आरतीला आपल्याकडे झांजा, टाळ, तबला सगळे एकत्र वाजते. त्यांत गायकाच्या पट्टीत जुळवून घेता येतो तो तबला. ताशा तसा का जुळवता येत नाही, हे मी मंडळाच्या मुलांना नेहमी विचारतो. 'तबल्याचे चामडे जास्त ताणलेले असते' हे उत्तर हमखास येते. ते पुरेसे नाही.

तंबोऱ्याची तार छेडली की मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर निघतात. पूर्ण पटीतले म्हणून ते एकमेकांत मिसळतात आणि कानाला एकच सूर ऐकू येतो. ताणलेल्या गोल चामड्याचे उपस्वर मात्र १.५९, २.१४, २.३० अशा अडनिड्या पटींत येतात. गजर होतो, सूर लागत नाही. ताण वाढवला तर सगळेच सारखे वर चढतात, प्रमाण तेच राहते.

फरक करते ती मधली काळी शाई. लोहचूर्ण आणि खळ यांचा लेप थरावर थर देऊन, दगडाने घोटून ती बसवतात. मध्ये जाड, कडेला पातळ. या वजनाने उपस्वर सरकतात आणि १:२:३:४:५ च्या अगदी जवळ येतात! सर सी. व्ही. रामन यांनी एस. कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर'मध्ये हे मांडले आणि १९३४ साली त्यावर सविस्तर निबंध लिहिला. वाद्यावर बारीक वाळू पसरून त्यांनी कंपने डोळ्यांनी पाहिली. चामडे जिथे स्थिर राहते त्या रेषांवर वाळू गोळा होते. (नोबेल त्यांना १९३० साली प्रकाशावरील कामासाठी मिळाले, हे काम त्यामानाने फारसे कुणाला ठाऊक नसते.) पण शाई लावणाऱ्या कारागिरांनी समीकरणाशिवाय, केवळ कानाने हे त्याआधीच साधले होते. त्यांतल्या कुणाचेही नाव आपल्याला माहीत नाही, याची मला खंत वाटते.

'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेला टेकवतात, ती शोभेसाठी नव्हे. त्या स्पर्शाने मूळ स्वर दबतो आणि दुपटीचा उपस्वर खणखणीत उठतो. बोट उचलून 'तूं' वाजवून पाहा, फरक कळेल.

इथल्या हिवाळ्यात हीटिंगमुळे चामडे सुकून आकसते, स्वर चढतो. म्हणून तबला रेडिएटरजवळ ठेवू नये आणि आरतीपूर्वी गट्टे ठोकून पुन्हा जुळवावा. शाई उखडली तर इथे ती लावून देणारा मिळणे कठीण. भारतातून येताना कुणीतरी एक जादा पुडी जरूर आणावी, म्हणजे आरतीला सीडी लावायची वेळ येणार नाही.