शेततळ्याचं पाणी हिरवं का होतं? : वनस्पती प्लवकांची ओळख

आपल्या विंचूर परिसरात द्राक्षबागांच्या कडेला प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी तुम्ही पाहता. ऊन वाढलं की त्यातलं निवळ पाणी हळूहळू हिरवं होतं. आपण लगेच म्हणतो, "पाणी खराब झालं." पण हा रंग पाण्याचा नसतो, त्यात तरंगणाऱ्या असंख्य सूक्ष्म जीवांचा असतो. त्यांनाच वनस्पती प्लवक म्हणतात. प्लवक म्हणजे पाण्याच्या ओघाबरोबर वाहत राहणारे.

यात हिरवी शेवाळं असतात, काचेसारखं सिलिकाचं कवच असलेले डायटम असतात आणि निळं-हिरवं शेवाळही असतं. हे शेवटचं नावापुरतंच शेवाळ बरं का, खरं तर ते जीवाणू आहेत. सगळ्यांजवळ हरितद्रव्य असतं, त्यामुळे ते सूर्यप्रकाशात स्वतःचं अन्न तयार करतात आणि ऑक्सिजन सोडतात. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं समुद्रातले प्लवक करतात. "आपला दर दुसरा श्वास समुद्राचा" हे वाक्य मात्र जपून वापरा. समुद्रात तयार होणारा बहुतेक ऑक्सिजन तिथलेच जीव वापरून टाकतात. हवेतला साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे.

लांब कशाला, गोदावरी-कादवा संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर बघा. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत आलेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. प्लवक खाऊन सूक्ष्म प्राणी जगतात, त्यांच्यावर लहान मासे आणि माशांवर बगळे-पाणकावळे.

मग अडचण कुठे येते? शेतातलं नत्र आणि स्फुरद पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यात उतरलं की प्लवकांची बेसुमार वाढ होते. ठिबकचे फिल्टर तुंबतात, हे तर घरी ऐकलंच असेल. रात्री प्रकाश नसतो, ऑक्सिजन तयार होत नाही, पण श्वसन चालूच राहतं. म्हणून पहाटे पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात.

अशा वेळी काहीजण मोरचूद टाकून मोकळे होतात. बोर्डो मिश्रणामुळे ते घरात असतंच! पण दाट प्लवक एकदम मेले की ते कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपतो आणि मासे मरतात. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात. पेशी फुटल्या की ते विष पाण्यात उतरतं. पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय दिसली तर जनावरांना ते पाणी पाजू नये, असं घरी नक्की सांगा. त्यापेक्षा खताचं पाणी तळ्यात येऊ न देणं, तळ्यावर सावली करणं आणि चंदेरा मासा सोडणं बरं. तो प्लवकच खातो.

उपक्रम : इटलीच्या अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये पांढरी तबकडी पाण्यात सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. आपणही पांढऱ्या ताटलीला वजन आणि खुणा केलेली दोरी बांधू. पाणी गढूळ नसून हिरवं असेल आणि ताटली २० सेंटीमीटरच्या आतच दिसेनाशी झाली, तर प्लवक फार दाट झालेत असं समजा. दर आठवड्याला एकाच वेळी, दुपारी, मोजून वहीत नोंद करा. मात्र शेततळ्यावर एकट्याने अजिबात जायचं नाही. कागद निसरडा असतो, पाय घसरला तर पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. मोठं माणूस सोबत हवंच, आणि दोरी त्यांच्याच हातात द्यायची.