चढावर जोर नको, जागा बघ

अगं, रविवारी ऑफिसच्या मंडळींबरोबर खारघरला गोल्फ खेळायला जायचं ठरलंय म्हणालीस, तेव्हाच मनात आलं की हिला जरा बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगायला हव्यात. रेंजवर तुझा हात बसलाय, ते मी बघितलंय. पण रेंजवर पायाखाली सपाट चटई असते. सिडकोचा हा कोर्स खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी, पांडवकड्याच्या शेजारी आहे. तिथे दोन्ही पाय एका पातळीत ठेवायला मिळाले तरी नशीब समज. म्हणून पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की बॉल किती लांब जाईल याचा विचार नंतर कर. पुढचा शॉट मारताना आपण कुठे उभ्या असू, हे आधी बघ.

समज, समोर दरीकडे उतरत गेलेला फेअरवे आहे. बरोबरचे बाप्ये ड्रायव्हर काढून दणका देतील. बॉल लांब जाईलही, पण जाऊन थांबेल तो ऐन उतारावर. तू सेव्हन आयर्न घे आणि उताराच्या अलीकडे जो सपाट तुकडा दिसतो तिथे बॉल टाक. लोक म्हणतील, लांब मारत नाही ही. म्हणू देत. अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, अवघ्या एका फटक्याने तिचं पदक हुकलं. लांब मारणाऱ्यांत तिची गणती कधीच नव्हती, तिने निभावलं ते अचूकपणावर आणि पटिंगवर. आणि त्या वेळी तिची कॅडी कोण होती, ठाऊक आहे? तिची आई.

तरीही बॉल उतारावर गेलाच तर घाबरू नकोस. जमीन समोर खाली जात असेल तर तुझा उजवा पाय वर आणि डावा खाली येईल. अशा वेळी खांदे जमिनीच्या उताराला समांतर कर, बॉल थोडा उजव्या पायाकडे घे आणि निम्म्या जोरानेच फिरव. बॉल खालून जाईल आणि पडल्यावर बराच पळेल, ते धरूनच नेम घे. चढावर याच्या उलट: बॉल वर उडतो आणि कमी जातो. म्हणून एक नंबर मोठी क्लब घे, म्हणजे जिथे एट आयर्न लागली असती तिथे सेव्हन. जोर वाढवून भरपाई करायला जाऊ नकोस. चढावर जोर लावला की तोल मागे जातो आणि बॉल डावीकडे भरकटतो.

आडवा उतार जास्त फसवा, कारण तो डोळ्यांना कमी दिसतो आणि पायांना जास्त कळतो. बॉल पायांपेक्षा वर असेल तर क्लब थोडी खाली पकड आणि नेम उजवीकडे ठेव, कारण बॉल डावीकडे वळणार. बॉल खाली असेल तर गुडघे वाकव आणि शॉट संपेपर्यंत वाकवलेलेच ठेव. तो उजवीकडे जाणार. स्टान्स घेतल्यावर क्लब न फिरवता क्षणभर नुसती उभी राहा. बुटात बोटं आवळली जात असतील तर वजन पुढे सरकतंय, टाचा दाबल्या जात असतील तर मागे. तोल सापडल्याशिवाय मारायचं नाही.

ग्रीनवर गेलीस की आधी डोंगर कुठे आहे ते बघ. होलजवळची जमीन सपाट वाटली तरी एकूण उतार बहुधा डोंगराकडून खाली असतो. त्यामुळे सरळ वाटणारा पट शेवटच्या हातभर अंतरात हळूच दरीकडे झुकतो. होलचा व्यास १०.८ सेंटिमीटर, आपल्या वाटीएवढा. त्याच्या काठावरून बॉल निसटायला एवढंसं वळण पुरतं. शक्यतो ग्रीनवर येतानाच बॉल होलच्या खालच्या बाजूला ठेव. वर चढवायचा पट धीटपणे मारता येतो. उतरता पट हातातून सुटला की होल ओलांडून पार खाली जातो.

कॅडीदादांशी नीट बोल. ते तिथली जमीन रोज चालतात. चढापलीकडचं ग्रीन दिसत नसेल तर नुसतं विचार, ‘दादा, कुठे बघून मारू?’ ते एखादं झाड दाखवतील, त्यावर विश्वास ठेव. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय अली शेर हेसुद्धा कॅडीच होते, त्यामुळे बॅग उचलणाऱ्याला खेळ कळत नाही असं कुणी मनात आणू नये. मात्र पुढची मंडळी चढाआड असतील तर ती निघाल्याची खात्री झाल्याशिवाय मारायचं नाही. बॉल कुणाच्या दिशेने गेला तर लाजू नकोस, जोरात ‘फोर!’ ओरड.

बॉल झाडीत गेला की शोधायला ३ मिनिटं असतात. २०१९ च्या नियमांआधी ५ होती. शंका असेल तर पुढे जाण्याआधीच सांगून दुसरा बॉल मारून ठेव, म्हणजे चढ दोनदा चढावा लागणार नाही. आणि पावसाळ्यात गवत वाढलेलं असताना झाडीत हात घालायचा नाही. साप-विंचवाचं घर आहे ते. एक बॉल गेला तर जाऊ दे.

तयारीचं थोडक्यात. नियमाप्रमाणे १४ क्लब नेता येतात. तुला एवढ्या कशाला? ड्रायव्हर घरी ठेव. एक हायब्रिड, सहा-सात-नऊ नंबरच्या आयर्न, वेज आणि पटर घे. ओझं कमी, डोक्याला ताप कमी. जीन्स नको, कॉलरचा टी-शर्ट आणि खाली दाणे असलेले बूट घाल. टोपी, पाणी, लिंबू सरबत आणि दोन केळी ने. पहाटेची वेळ मिळाली तर सोन्याहून पिवळं. दहानंतर नवी मुंबईचा दमटपणा चढावर जीव काढतो. हा कोर्स सुरुवातीला ११ होलचा होता, नंतर तो १८ होलचा करायचं काम हाती घेतलं गेलं. निघण्यापूर्वी किती होल खुले आहेत ते फोन करून विचार. आकाशात वीज चमकली तर खेळ तिथेच थांबव, आडोशाला जा, एकट्या झाडाखाली उभी राहू नकोस.

आता शेवटचं, आणि हे गोल्फपेक्षा घराबद्दल जास्त. चार-साडेचार तास स्वतःसाठी काढलेस म्हणून निघताना कुणाला कारणं देत बसू नकोस. जावईबापूंना सांग, पोळ्या बाहेरून आणा. नवरा क्रिकेट खेळायला गेला की घर जसं चालतं तसंच तू गेल्यावरही चालेल. आणि स्कोअरकार्डवर आकडा मोठा आला तर तोही लपवू नकोस. हँडिकॅप ५४ पर्यंत धरायची सोय नवशिक्यांसाठीच केलेली आहे. तेव्हा रविवारी वेळेवर पोच, पहिल्या टीवर पाय नीट रोव आणि खेळून ये. पुढच्या खेपेला माझंही नाव घाल.