उन्हाळा, हौद आणि मासे

प्रस्तावना

परसातील लहानसा हौद, त्यात कमळाची चार पाने आणि पानांखालून फिरणारे मासे, हे दृश्य मन निववणारे असते. परंतु असा हौद म्हणजे एक छोटा तलावच होय आणि उन्हाळ्यात त्याची जबाबदारी वाढते. या पाठात बंगळूर शहरातील मारतहळ्ळी परिसराच्या आधारे आपण उष्णतेचा माशांवर होणारा परिणाम अभ्यासणार आहोत. पाठ वाचल्यानंतर मासे संकटात असल्याची खूण तुम्हाला ओळखता येईल आणि कोणता उपाय केव्हा व का करावा, हे सांगता येईल.

मूळ पाठ

बंगळूर म्हणजे थंड हवेचे शहर, अशी आपली जुनी समजूत आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराबाबत ती पुष्कळ अंशी खरीही होती. तथापि एप्रिल २०१६ मध्ये तेथे ३९.२ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली आणि एप्रिल २०२४ च्या अखेरीस पारा पुन्हा ३८ अंशांच्या वर गेला. शहराच्या पूर्वेकडील मारतहळ्ळीसारख्या दाट वस्तीत काँक्रीटच्या भिंती व फरशा दिवसभर तापतात आणि रात्रीही लवकर निवत नाहीत. अशा अंगणातील दीड फूट खोलीचा हौद दुपारपर्यंत कोमट होतो.

मासे उष्णतेने मरतात, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः गोल्डफिश, कोई, रोहू किंवा गप्पी हे मासे कोमट पाणी बऱ्यापैकी सोसतात. त्यांचा जीव जातो तो बहुधा श्वास कोंडल्यामुळे. मासे कल्ल्यांच्या साहाय्याने पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतात आणि पाणी जितके तापते, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना हेच प्रमाण साडेसातपर्यंत उतरते. बंगळूरच्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने त्यातूनही सुमारे दहावा हिस्सा वजा होतो. उलट, उष्ण पाण्यात माशांच्या शरीरातील क्रिया वेगाने चालतात व त्यांना प्राणवायू अधिक लागतो. पुरवठा घटतो नेमका त्याच वेळी मागणी वाढते, ही खरी अडचण आहे.

मग सर्वांत धोक्याची वेळ कोणती? भर दुपार, असे उत्तर कोणीही देईल. परंतु ते बरोबर नाही. दिवसा शेवाळ व पाणवनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करतात. रात्री हे काम थांबते. मात्र त्यांचे स्वतःचे श्वसन चालूच राहते. मासे, शेवाळ आणि तळच्या गाळातील जिवाणू असे सगळे रात्रभर एकाच साठ्यावर जगतात, आणि तो साठा पहाटे सर्वांत कमी होतो. म्हणून हिरव्यागार झालेल्या हौदातील मासे संध्याकाळी ठणठणीत दिसतात आणि सकाळी उलटे तरंगताना आढळतात. मालकाला वाटते, कोणी विष घातले!

हौदाची पाहणी म्हणूनच उजाडण्यापूर्वी करावी. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करीत असतील, किंवा नळाच्या धारेपाशी गोळा झाले असतील, तर त्यांना धाप लागली आहे असे समजावे. मरळ आणि मागूर मात्र याला अपवाद आहेत. ते हवेतूनही श्वास घेऊ शकतात, त्यामुळे त्यांचे वर येणे नेहमीचेच असते.

एप्रिल-मे महिन्यांत येणाऱ्या आम्रसरी माणसाला सुखावतात, पण हौदाच्या दृष्टीने त्या संध्याकाळी जपण्याच्या असतात. ढगाळ दिवशी प्राणवायू कमी तयार होतो आणि जोराच्या सरीने तळचे कुजके, प्राणवायूरहित पाणी ढवळून वर येते.

मोठ्या जलाशयांतही याच कारणाने अनर्थ घडतात. मार्च २०१६ मध्ये बंगळूरच्या हलसूर तलावात हजारो मासे मरून तरंगू लागले, तेव्हा सांडपाणी, उष्मा आणि प्राणवायूची घट यांची चर्चा झाली. मुंबईच्या बाणगंगा तलावात पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. पाण्यात पडलेले अन्न कुजताना प्राणवायू खाऊन टाकते. मग ते पिंडाचे असो वा आपण प्रेमाने टाकलेले मूठभर खाद्य असो.

पाठगत प्रश्न

१. उंचीवरील शहरात पाण्यातील प्राणवायू कमी का असतो?
२. हौदाची पाहणी पहाटे का करावी?

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय म्हणजे पाणी हलते ठेवणे. लहान पंप, कारंजे किंवा मत्स्यपेटीचा हवापंप रात्रभर चालू ठेवावा. अनेक घरी तो दिवसा शोभेसाठी लावतात आणि रात्री आवाज नको म्हणून बंद करतात. हे अगदी उलटे आहे. वीज गेल्यास तांब्याने पाणी उचलून उंचावरून पुन्हा हौदातच ओतत राहावे. हे दिसायला साधे असले तरी अशा वेळी याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

दुपारच्या उन्हापासून बचावासाठी हिरवी जाळी बांधावी. कमळाच्या पानांनी निम्मा पृष्ठभाग झाकला तर उत्तम. पूर्ण झाकला तर मात्र हवा व पाणी यांचा संपर्क तुटतो. मारतहळ्ळीजवळच्या बेळ्ळंदूर आणि वर्तूर तलावांवर पसरलेल्या जलपर्णीने हेच संकट मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले.

कडक उन्हाळ्यात खाद्य एकदाच, सकाळी ऊन वर आल्यावर आणि पाच मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. संध्याकाळी देऊ नये, कारण पचनासाठी रात्री जादा प्राणवायू लागतो. मोठे मासे एक-दोन दिवस उपाशी राहिले तरी बिघडत नाही. माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात अमोनिया मिसळतो आणि उष्ण पाण्यात तो अधिक विषारी ठरतो, हेही कमी खाद्य देण्याचे एक कारण आहे.

हौदात बर्फ टाकण्याचा मोह टाळावा. तापमानातील अचानक बदल माशांना बाधतो. सगळे पाणी एकदम बदलणेही तितकेच घातक. पाचव्या हिश्शाहून अधिक पाणी एका वेळी काढू नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना इजा करतो, म्हणून ते उघड्या पिंपात एक दिवस ठेवून मग वापरावे. कूपनलिकेच्या आणि टँकरच्या पाण्यात प्राणवायू बहुधा कमी असतो. ते चाळणीतून, उंचावरून, बारीक धारेने सोडावे.

परंतु पाणीच नसेल तर? मार्च २०२४ मध्ये बंगळूरमध्ये टंचाई इतकी वाढली, की बागा, वाहने धुणे आणि शोभेची कारंजी यांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास पाणीपुरवठा मंडळाने मनाई केली व ५,००० रुपये दंड ठरवला. अशा दिवसांत हौदात नवे पाणी ओतत राहणे शक्यही नाही आणि उचितही नाही. आहे ते पाणी टिकवावे: मासे मोजके ठेवावेत, कुजकी पाने रोज काढावीत, तळचा गाळ थोडाथोडा उपसून तो झाडांना घालावा. मासे मेले म्हणून हौद तसाच सोडून देऊ नये. त्यात डासांच्या अळ्या होण्यास आठवडाभर पुरतो.

स्वाध्याय

१. ‘मासे उष्णतेने मरतात’ हे विधान कितपत योग्य आहे? सकारण लिहा.
२. पाणीटंचाईच्या काळात हौद राखावा की नाही, याविषयी तुमचे मत दहा ओळींत मांडा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या हौदाचे किंवा तळ्याचे तापमान पहाटे व दुपारी, असे आठ दिवस नोंदवा आणि माशांच्या हालचालींचे टिपण ठेवा.